नाटककार रब्बाय : मोशे खाइम लुझ्झात्तो

अक्षरवाट

१७२७ साली इटलीतल्या पादुआ शहरात एका वीस वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तीन गोष्टी घडल्या. काव्यशास्त्र आणि वक्तृत्वावरचं त्याचं ‘लेशोन लिमुदिम’ हे पुस्तक मांतुआत छापून आलं. गुरूंच्या मुलाच्या लग्नासाठी त्याने ‘मिग्दाल ओझ’ हे चार अंकी नाटक लिहिलं. आणि त्याच वर्षी, ध्यानात असताना, एक अदृश्य आवाज आपल्याशी बोलू लागला असं त्याने लिहून ठेवलं. पहिल्या दोन गोष्टींमुळे अनेक अभ्यासक आधुनिक हिब्रू साहित्याची सुरुवात त्याच्यापासून धरतात. तिसरीपायी त्याला देश सोडावा लागला, त्याचे कागद कुलपात गेले, काही जाळले गेले. आणि ज्याला तरुणपणी थोरामोठ्या धर्मगुरूंनी गप्प केलं, त्याचंच एक छोटं पुस्तक पुढे येशिवांत, म्हणजे यहुदी धर्मपाठशाळांत, रोजच्या अभ्यासाचं झालं.

मोशे खाइम लुझ्झात्तो. ‘रब्बाय’, म्हणजे यहुदी धर्मगुरू, ही पदवी धरून नावाच्या आद्याक्षरांवरून ‘रामखाल’. त्याच्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

जन्म १७०७, पादुआच्या घेट्टोत, म्हणजे यहुद्यांच्या कोंडवस्तीत. घर सधन व्यापाऱ्याचं. रात्री घेट्टोची दारं बंद होत, तरी हे शहर युरोपातल्या इतर शहरांपेक्षा वेगळं होतं, कारण इथल्या विद्यापीठात यहुदी मुलांना वैद्यकी शिकता येत असे. पोलंड-लिथुआनियाकडून मुलं इथे डॉक्टर व्हायला येत. म्हणजे एकाच गल्लीत तालमूद हा धर्मशास्त्राचा ग्रंथ घोकणारे, शवविच्छेदन शिकून आलेले आणि इटालियन कविता पाठ असलेले लोक राहत होते, आणि पुष्कळदा ही तिन्ही कामं करणारा माणूस एकच असे. इसाक कांतारिनी हे तसेच, रब्बायही आणि वैद्यही. १७२३ मध्ये ते वारले तेव्हा सोळा वर्षांच्या लुझ्झात्तोने त्यांच्यावर शोककाव्य रचलं. त्याच सुमारास बायबलमधल्या शमशोनावरचं नाटकही लिहिलं. त्याचे मुख्य गुरू इशाया बास्सान. त्यांनीच त्याला कब्बालेची, म्हणजे यहुदी गूढविद्येची, गोडी लावली.

पोरवयातच त्याने दाविदाच्या स्तोत्रांच्या धर्तीवर स्वतःची दीडशे स्तोत्रं रचली. बायबलमधल्या स्तोत्रांची संख्याही दीडशेच. कवी म्हणून तो स्वतःला अवघडात अवघड नमुन्यावर घासून पाहत होता असं मला वाटतं. विरोधकांना मात्र त्यात दाविदाची जागा घ्यायचा डाव दिसला. त्यातली फारच थोडी स्तोत्रं आज हाती आहेत.

आता त्या आवाजाबद्दल. कब्बालेच्या परंपरेत त्याला ‘मग्गिद’ म्हणतात, दिव्य निरोप्या. असा अनुभव सांगणारा लुझ्झात्तो पहिला नव्हता. ज्यांचा धर्मशास्त्राचा ग्रंथ सगळे यहुदी मानतात त्या योसेफ कारो यांनीही सोळाव्या शतकात आपल्या मग्गिदाची रोजनिशी ठेवली होती. पण कारो वयाने आणि मानाने मोठे होते. लुझ्झात्तो विशीतला, अविवाहित. ती गोष्ट काही काळ त्याच्या मित्रमंडळापुरतीच राहिली. मग विल्नाहून वैद्यकी शिकायला आलेल्या येकुतिएल गॉर्डन या मित्राने १७२९ मध्ये भारावून एक पत्र लिहिलं, की आमच्याकडे एक तरुण आहे, देवदूत त्याला नवा ‘झोहार’, म्हणजे कब्बालेचा मूळ ग्रंथ, सांगतो आहे. पत्राचा मजकूर फिरत फिरत जर्मनीतल्या आल्टोनाला मोशे हागिझ यांच्या हाती पडला. हागिझ पाखंड शोधून काढण्यात मुरलेले. त्यांनी व्हेनिसच्या रब्बायांना जागं केलं.

१७३० मध्ये बास्सान स्वतः पादुआला आले. शिष्यावर त्यांचा जीव होता, आणि दडपणही मोठं होतं. मग्गिदाच्या नावाने यापुढे लिहिणार नाही अशी कबुली लुझ्झात्तोने सही करून दिली आणि हस्तलिखितं पेटीत कुलूपबंद झाली. १७३१ मध्ये मांतुआचे रब्बाय दाविद फिन्झी यांची मुलगी झिप्पोरा हिच्याशी त्याचं लग्न झालं. चार वर्षं शांततेत गेली. मग त्याने कब्बालेची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं, वाद पुन्हा पेटला आणि १७३५ मध्ये तो इटलीतून बाहेर पडला. वाटेत फ्रँकफर्टला मदतीच्या आशेने थांबला, तर तिथले रब्बाय याकोव पोपर्स यांनी त्याच्याकडून आणखी कडक कबुली लिहून घेतली. जवळचे कागद काढून घेतले, काही जाळले, काही पुरले.

अ‍ॅमस्टरडॅमने मात्र त्याला सांभाळलं. स्पेन-पोर्तुगालमधून पळून आलेल्या यहुद्यांचा तिथला समाज श्रीमंत आणि मोकळ्या मनाचा. त्याने भिंगं घासून पोट भरलं, मुलांना शिकवलं, आणि आठ वर्षांत आयुष्यातलं सर्वांत पक्व लेखन केलं. नीतीवरचं ‘मेसिल्लात येशारिम’ १७४० मध्ये तिथेच छापलं. १७४३ मध्ये याकोव दे शावेस या शिष्याच्या लग्नासाठी ‘ला-येशारिम तेहिल्ला’ हे रूपक नाटक लिहिलं, त्याच्या पन्नास प्रती छापल्या. त्याच वर्षी बायको-मुलाला घेऊन तो पवित्र भूमीकडे निघाला. १७४६ मध्ये अक्को इथे साथीच्या रोगात तिघंही गेली. त्याचं वय एकोणचाळीस.

हे चरित्र झालं. मला जे म्हणायचं आहे ते पुढे. साहित्याचे इतिहास लिहिणारे नाटकं उचलतात आणि कब्बाला बाजूला ठेवतात. धर्मनिष्ठ वाचक ‘मेसिल्लात’ उचलतात आणि नाटकं तरुणपणीचा छंद म्हणून सोडून देतात. मला दोन्ही पक्षांशी भांडावंसं वाटतं. हा माणूस आयुष्यभर नाटककारच होता, धर्मग्रंथ लिहितानाही. ‘दआत तेवुनोत’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आत्मा आणि बुद्धी यांच्या संवादात आहे. कब्बालेची बाजू मांडणारं ते पुस्तक म्हणजे एक तत्त्वचिंतक आणि एक कब्बाली यांचा वाद. ‘मेसिल्लात’ची १७३८ ची हस्तलिखित आवृत्ती सापडली, तीही एक विद्वान आणि एक भक्त यांच्या संभाषणाच्या रूपात निघाली. प्रश्न सुचला की त्याच्या डोक्यात दोन माणसं उभी राहून बोलायला लागायची.

‘मिग्दाल ओझ’मध्ये डोंगरावर एक बुरूज आहे, भोवती बाग, आणि आत जायची वाट कुणालाच माहीत नाही. जो वाट शोधेल त्याला राजकन्या. शालोम नावाच्या तरुणाला ती वाट सापडते आणि तिचं श्रेय दुसराच लाटतो. आता ‘मेसिल्लात’चं तिसरं प्रकरण उघडा. श्रीमंत लोक करमणुकीसाठी भुलभुलैयाची बाग लावतात त्याचं वर्णन आहे. भिंतीसारख्या वाढवलेल्या झुडपांच्या रांगा, मध्ये सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या वाटा, काही मधल्या चौथऱ्याकडे नेणाऱ्या, काही लांब भरकटवणाऱ्या. वाटेवर चालणाऱ्याला फरक कळायला मार्गच नाही. जो आधीच चौथऱ्यावर पोचला आहे त्याला सगळ्या वाटा समोर दिसतात आणि तो ओरडून सांगू शकतो, इकडून या. पुढचा निर्णय चालणाऱ्याचा, विश्वास ठेवायचा की आपल्या डोळ्यांवर चालायचं.

अशा बागा पादुआच्या आसपास खरोखर होत्या, आजही आहेत. वाल्सान्झिबिओला सतराव्या शतकातली, व्हेनिसच्या वाटेवर स्ट्राला अठराव्या शतकातली, मधोमध मनोरा असलेली. विसाव्या वर्षी लग्नाच्या नाटकासाठी उभारलेला देखावा तेहतिसाव्या वर्षी नीतिग्रंथात परत आला, तोवर लेखक हद्दपार झाला होता, आणि नायकाची जागा हाक मारणाऱ्याने घेतली होती. नाटककार रब्बाय झाला म्हणून थांबला नाही, हे मला इथे स्वच्छ दिसतं.

इथे नाटक, धर्म, इतिहास या सगळ्यांतले जाणकार आहेत. विशेषतः हागिझ यांच्या बाजूने कुणाला बोलायचं असेल तर जरूर बोला.

शब्दसखी

फार सुंदर लिहिलंय. वाचता वाचता दोनदा मागे गेले. एक प्रश्न: घेट्टोत नाटकं खरंच व्हायची का? की ही वाचायचीच नाटकं? आणि लग्नासाठीच का?

अक्षरवाट

@शब्दसखी, धन्यवाद. इटलीतल्या यहुदी लग्नांत कवितेचा मान मोठा होता. वधूवरांसाठी कविता रचायच्या, कोडी रचायची, वेलबुट्टीच्या मोठ्या कागदावर छापून पाहुण्यांना वाटायची. लुझ्झात्तोने अशा सुट्या लग्नकविता पुष्कळ लिहिल्या. नाटक हा त्याच प्रथेचा मोठा अवतार. मुख्य उद्देश वाचनाचा आणि पठणाचा असावा असं मला वाटतं, कारण स्वगतं लांब आहेत आणि रंगमंचावरची हालचाल कमी. पुरिम सणाला मात्र यहुदी वस्त्यांत नाटकं रंगायची, आणि मांतुआतले यहुदी नट तर सोळाव्या शतकात ड्यूकच्या दरबारात खेळ करत.

तळटीप

त्या मांतुआचंच एक नाव इथे यायला हवं: लिओने दे सोम्मी. सोळाव्या शतकात त्याने हिब्रूत विनोदी नाटक लिहिलं. म्हणजे लुझ्झात्तो पहिला हिब्रू नाटककार नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मोशे झाकुतो. सतराव्या शतकातला, शेवटी मांतुआचा रब्बाय, कब्बालेतला मोठा अधिकारी आणि नाटककवी. अब्राहाम मूर्ती फोडतो त्या कथेवर त्याचं ‘येसोद ओलाम’ आहे. ‘तोफ्ते आरुख’मध्ये मेलेल्या पापी माणसाची नरकयात्रा आहे, दान्तेच्या वळणाची, १७१५ मध्ये व्हेनिसला छापलेली. लुझ्झात्तो तेव्हा आठ वर्षांचा. आता गुरुपरंपरा बघा. झाकुतोचे शिष्य रेज्जोचे बिन्यामिन कोहेन, त्यांचे जावई आणि शिष्य बास्सान, बास्सानचा शिष्य लुझ्झात्तो. कब्बाला आणि नाटक ही जोडी त्याला आजोबांकडून यावी तशी परंपरेतूनच आली. अक्षरवाट ताईंचा मुद्दा याने पक्काच होतो. तिथे कुणाला हे दोन विषय वेगळे वाटतच नव्हते.

अक्षरवाट

@तळटीप, ही साखळी मूळ लेखात हवी होती. मनापासून आभार. आणि मग्गिदाबद्दल सविस्तर सांगणारं लुझ्झात्तोचं १७२९ चं पत्र याच बिन्यामिन कोहेन यांना आहे. वयोवृद्ध कोहेन त्याच्या बाजूने उभे राहिले. झाकुतोच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला कवी-कब्बाली ही काय चीज असते ते घरचंच ठाऊक असणार.

जुनी_बखर

लेख आवडला, पण हागिझ यांची बाजू मांडणं भाग आहे. त्या पिढीने काय पाहिलं होतं ते आधी लक्षात घ्या.

१६६५ मध्ये स्मिर्नाच्या शब्बताय झ्वी याने स्वतःला मशीहा, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहत होते तो तारणहार, जाहीर केलं. येमेनपासून अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत लोक वेडे झाले. घरंदारं विकून पवित्र भूमीकडे निघायच्या तयारीला लागले. १६६६ मध्ये तुर्की सुलतानाने त्याला बोलावलं आणि हा मशीहा मुसलमान होऊन बाहेर आला. सगळ्या समाजाचा कणा मोडला. त्याहून वाईट म्हणजे काही लोक त्यानंतरही छुपेपणाने त्यालाच मानत राहिले, धर्मांतर हीच मशीहाची लीला असं सांगत राहिले. या सगळ्याचं इंधन कब्बाला होतं, आणि आवाज ऐकू येणारा एक तरुण तिथेही होता, गाझाचा नाथान. त्याने वयाच्या बावीसाव्या वर्षी शब्बतायला मशीहा ठरवलं.

आता पादुआकडे या. देवदूताचा आवाज ऐकणारा विशीतला मुलगा, भोवती भारावलेले मित्र, आणि मंडळात आपापसांत जे मानलं जात होतं ते तर स्फोटकच होतं. लुझ्झात्तोला मोशेच्या जागी मानत. मित्र मोशे दाविद वाल्ले याच्याकडे दाविदकुळातल्या मशीहाचं काम. गॉर्डनला दान वंशातल्या सेरायाचं, म्हणजे मशीहाच्या सेनापतीचं. लुझ्झात्तोचं झिप्पोराशी लग्न झालं त्याकडेही त्यांनी बायबलमधल्या मोशे आणि झिप्पोराच्या जोडीच्या नजरेने पाहिलं. एकदा दुधाने पोळलेल्या समाजाच्या रखवालदाराने अशा वेळी काय करायचं? हागिझ कठोर होते, मान्य. पण आंधळे नव्हते.

नाट्यवेडा

@जुनी_बखर, तुमचा प्रतिसाद वाचून मी उलट ताईंच्या पक्षात गेलो. तुम्ही जे सांगितलंत ते पात्रवाटप आहे! कुणी मोशे, कुणी दाविदपुत्र, कुणी सेराया. नाटक करणारी माणसं जशी एका गोष्टीत स्वतःला वाटून घेतात आणि मग तालमीत त्या भूमिकेतूनच एकमेकांकडे बघू लागतात, तेच या मंडळाने केलं. फरक इतकाच की त्यांना हा खेळ वाटत नव्हता, विश्वाची दुरुस्ती वाटत होती. आणि म्हणूनच ते धोक्याचं होतं, हेही मला मान्य आहे.

रंगमंचाच्या बाजूने मला ‘ला-येशारिम तेहिल्ला’बद्दल जास्त ऐकायचं आहे. अमूर्त गुण पात्रं म्हणून आणले की नाटक कोरडं पडतं हा सगळीकडचा अनुभव आहे. हे कसं आहे?

अक्षरवाट

@जुनी_बखर, शब्बताय झ्वीची सावली मी लेखात आणली नाही, तुम्ही ती नेमकी मांडलीत. भीती खरी होती, तिला कारण होतं. माझा आक्षेप भीतीनंतरच्या वागण्यावर आहे. १७३० च्या कबुलीने धोका आटोक्यात आला होता. मंडळ पादुआतच होतं, वही कुलपात होती, गुरू लक्ष ठेवून होते. त्यानंतर फ्रँकफर्टला, मदत मागायला आलेल्या परक्या माणसाला एकटं गाठून त्याच्याकडून सही घेणं, चाळिशीपर्यंत कब्बाला शिकवणार नाही असं वदवून घेणं, कागद नष्ट करणं, याला मी रखवालदारी म्हणू शकत नाही. त्याने शब्बतायला कधी मशीहा मानलं नाही. त्याने धर्माचा एकही नियम मोडला नाही. लग्न कर, नेमस्त राहा म्हटलं, तेही केलं. नाथानने शब्बतायला गावोगाव जाहीर केलं होतं; हा तर गप्प राहायला तयार होता.

@नाट्यवेडा, पात्रवाटप! हा शब्द मला सुचायला हवा होता.

‘ला-येशारिम’ची गोष्ट अशी. येशोर, म्हणजे सचोटी, हा सत्याचा मुलगा. तेहिल्ला, म्हणजे कीर्ती, ही जनसमूहाची मुलगी. दोघांचं लग्न ठरलेलं. मध्ये रहाव येतो, हा गर्व. त्याच्या पाठीशी कपट आणि मूर्खपणा. ते जनसमूहाला भुलवतात आणि रहावलाच नवरदेव करायचं ठरतं. येशोरकडे बुद्धी आहे, सहनशीलता आहे, पण वधूचा बाप त्याचं ऐकतच नाही. तीन अंकांनंतर खोटं उघडं पडतं आणि लग्न होतं.

कोरडेपणाची भीती रास्त आहे. कृतीच्या बाजूने नाटक हलकंच आहे. पण दोन गोष्टींनी ते जिवंत राहतं. एक म्हणजे कीर्ती ही जनसमूहाची लेक आहे ही कल्पना. सत्याचा मुलगा कितीही चांगला असला तरी त्याला हात मागायला या भोळ्या, कुणाच्याही नादी लागणाऱ्या बापाच्या दारात जावं लागतं. हे ज्याने लिहिलं त्याच्या बाबतीत तसंच घडलं होतं, आणि तरी त्याने जनसमूहाला खलनायक केलेलं नाही. तो फसलेला बाप आहे. एवढं सोसून झाल्यावर इतक्या सौम्यपणे लिहिणं मला फार मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट भाषा. हिब्रू तेव्हा कुणाच्या घरात बोलली जात नव्हती. प्रार्थनेची, शास्त्राची, पत्रव्यवहाराची भाषा. स्पेनमधून आलेल्या हिब्रू कवितेत अरबी वळणाचे बांधीव छंद आणि बायबलच्या अवतरणांची नुसती पच्चीकारी चालायची. लुझ्झात्तोने बायबलची साधी, स्वच्छ भाषा घेतली आणि इटालियन गोपनाट्याच्या, म्हणजे मेंढपाळांच्या प्रेमकथांच्या नाटकांच्या, अकरा आणि सात अक्षरी ओळींच्या चालीवर ती बोलायला लावली. ‘मिग्दाल ओझ’वर इटालियन कवी ग्वारिनीच्या गोपनाट्याची छाप तर उघडच आहे. हिब्रूत पात्रं उसासे टाकतात, एकमेकांना अडवतात, रुसतात, हे तेव्हाच्या वाचकाला किती नवं वाटलं असेल!

मुशाफिर

भिंगं घासणारा आणि समाजाने वाळीत टाकलेला, तेही अ‍ॅमस्टरडॅममध्ये. स्पिनोझाची आठवण होणारच. त्याच शहरातल्या त्याच पोर्तुगीज यहुदी समाजाने १६५६ मध्ये स्पिनोझाला बहिष्कृत केलं होतं, आणि नंतर तोही भिंगं घासूनच जगला. ऐंशी वर्षांनी त्याच समाजाने इटलीतून हाकललेल्या लुझ्झात्तोला दार उघडलं. समाज बदलला म्हणायचं का?

तळटीप

@मुशाफिर, तसं म्हणवत नाही. तत्त्वज्ञ स्पिनोझाने तोरा, म्हणजे मोशेचा धर्मग्रंथ, ईश्वराने दिली हेच नाकारलं. लुझ्झात्तो कट्टर श्रद्धावान. त्याच्याबद्दलची शंका जास्त मानल्याची होती, कमी मानल्याची नव्हती. अ‍ॅमस्टरडॅमच्या मंडळींना तो नम्र, विद्वान शिक्षक दिसला आणि त्यांनी त्याला तसंच वागवलं. भिंगांचं म्हणाल तर हॉलंडमध्ये तो एक चांगला, स्वच्छ, एकट्याने करता येणारा धंदा होता. धर्माच्या ज्ञानावर पोट भरायचं नाही असं ठरवलेल्या माणसाला तो सोयीचा.

रेवदंडा ते अश्दोद

सगळ्यांना शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, माहेर रेवदंड्याकडचं, आता अनेक वर्षं इस्राएलमध्ये अश्दोदला. मराठीत रामखालवर धागा बघून डोळ्यांवर विश्वास बसला नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या कोकणातल्या समाजात रब्बाय नसायचे. हज्जान असायचे, ते प्रार्थना चालवायचे. ‘मेसिल्लात येशारिम’ हे नाव मी इथे आल्यावर ऐकलं. इथे ते सगळीकडे आहे. माझा भाचा येशिवात शिकला, तिथे रोज संध्याकाळच्या प्रार्थनेआधी अर्धा तास त्याचा अभ्यास. आणि अभ्यास म्हणजे मनातल्या मनात वाचणं नाही. प्रत्येक जण आपली ओळ चालीवर, मोठ्याने, परत परत म्हणतो. पन्नास मुलं एकाच वेळी पन्नास निरनिराळी वाक्यं म्हणत असतात, काही जण डोळे मिटून. मी एकदा बाहेरच्या दाराशी उभी राहून ऐकलंय. ताई म्हणतात ना की पुस्तक मुळात संभाषण होतं, ते वाचलं आणि तो आवाज आठवला.

‘मेसिल्लात’च्या प्रस्तावनेत रामखाल सुरुवातीलाच सांगतो की लोकांना माहीत नाही ते शिकवायला मी हे लिहिलेलं नाही, त्यांना पक्कं माहीत आहे त्याची आठवण द्यायला लिहिलंय. म्हणून ते एकदा वाचून भागत नाही.

अक्कोच्या जुन्या शहरात त्याच्या नावाचं सिनेगॉग आहे. अगदी लहान, बाजाराच्या गल्लीत, चुकून पुढे निघून जाल इतकं. मूळ जागा ही नाही. १७५८ मध्ये तिथला अंमलदार झाहिर अल-उमर याने मूळ सिनेगॉगच्या जागी मशीद बांधली आणि यहुद्यांना बदल्यात शेजारची छोटी इमारत दिली, तीच ही. कबर कुठे याबद्दल दोन मतं आहेत. लोक तिबेरियाला जातात, रब्बाय अकीवा यांच्या कबरीपाशी. काही अभ्यासक म्हणतात कफ्र यासिफला, कारण अक्कोचे यहुदी आपले मृत तिथेच नेत.

आणखी एक. आमच्याकडे मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या लोकांनी मराठी कीर्तनं रचली. अब्राहामावर, योसेफावर. हरिदासी कीर्तनाचाच थाट, साकी-दिंडी, पण कथा तोराची. माझ्या आजीला त्यातली पदं येत. धर्म आणि गाणं-गोष्ट वेगळं ठेवता येत नाही, हे तिला कुणी सांगायला लागलं नाही.

शब्दसखी

@रेवदंडा ते अश्दोद, अंगावर काटा आला. कीर्तनांवर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच, आग्रहाची विनंती.

नाट्यवेडा

+१. पदं आठवत असतील तेवढी तरी लिहा, चालींसकट.

जुनी_बखर

ताई, तुमचं अक्कोचं वर्णन फार मोलाचं.

अक्षरवाट, फ्रँकफर्टबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पोपर्स यांनी मर्यादा ओलांडली. हागिझ यांच्याबद्दल मी माझ्या जागी ठाम आहे. मात्र एक विचारतो. कागद जाळले, पुरले, तर कब्बालेवरचं एवढं लेखन आज छापलेलं कसं मिळतं?

अक्षरवाट

@जुनी_बखर, त्याचं श्रेय मित्रांना. लुझ्झात्तो गेल्यावर पादुआचं मंडळ मोडलं नाही. वाल्ले वैद्यकी करत पादुआतच राहिला आणि १७७७ पर्यंत जगला, स्वतः बायबलवर भाष्यं लिहीत. हस्तलिखितांच्या नकला होत राहिल्या. गॉर्डन पूर्वेकडे परतला, तिकडेही प्रती गेल्या. ज्याच्या पत्राने आग लागली त्याच माणसामुळे हे लेखन लिथुआनियाच्या बाजूला ठाऊक झालं. १७८५ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर चाळीस वर्षांच्या आत, कब्बालेवरची दोन पुस्तकं पूर्व युरोपात छापली गेली, एक कोरेत्झला, एक श्क्लोवला. त्या काळात त्या प्रदेशात हसिदी, म्हणजे नवे भक्तिपंथी, आणि त्यांचे विरोधक यांचं हाडवैर. तरी दोन्ही बाजूंनी त्याला आपलं म्हटलं. विल्नाचे गाओन, म्हणजे तिथले थोर पंडित आणि हसिदींचे कट्टर विरोधक, म्हणत की हा माणूस हयात असता तर मी इटलीपर्यंत पायी जाऊन त्याच्यापाशी शिकलो असतो, असं सांगतात.

आणि नाटकं तिसऱ्याच लोकांनी जपली. नव्या विद्येचा पुरस्कार करणाऱ्या हिब्रू लेखकांना ‘ला-येशारिम’ हा आदर्श वाटला, त्याची अनुकरणं झाली. ‘मिग्दाल ओझ’ तर थेट १८३७ मध्ये लाइपझिगला छापलं गेलं, लिहिल्यानंतर एकशे दहा वर्षांनी. पुढे हिब्रू कवी बियालिकने ‘पादुआचा तरुण’ या नावाने त्याच्यावर निबंध लिहिला, त्यात हे सगळे तुकडे पुन्हा एका माणसात गोळा करायचा प्रयत्न आहे.

मुशाफिर

वाचायला सुरुवात कुठून करावी? हिब्रू येत नाही.

रेवदंडा ते अश्दोद

‘मेसिल्लात’ची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. सव्वीसच प्रकरणं आहेत, छोटी छोटी. सावधपणापासून सुरू होऊन पायरीपायरीने पवित्रतेपर्यंत जातं. रोज एकच पान वाचा, मोठ्याने.

अक्षरवाट

@मुशाफिर, ताई सांगतात तसंच करा. माझी एक भर. प्रस्तावना वाचली की आधी तिसऱ्या प्रकरणातली बाग वाचा, मग पहिल्यापासून सुरू करा. ‘मिग्दाल ओझ’च्या पहिल्या अंकाचा गोषवारा मी पुढच्या आठवड्यात इथेच टाकते. @नाट्यवेडा, तुम्ही तो प्रयोगाच्या नजरेने वाचून बघा.

नाट्यवेडा

नक्की. बुरूज रंगमंचावर कसा दाखवायचा याचा विचार आत्तापासूनच सुरू केला आहे.